जांभळीखालची शांती

पाळकसाहेब जांभळीला पाठ लावून उभे होते आणि हलायला तयार नव्हते. “भाऊ, बोअर इथंच मारायची. तीन दिवस प्रार्थना केलीय. इथं उभं राहिलं की मनाला शांती मिळते. देवाचीच खूण आहे ही.”

धसईजवळ आमच्या ख्रिस्ती मंडळीचं मुलींचं वसतिगृह आहे. उन्हाळ्यात मुली सकाळी हंडे घेऊन नदीवर जातात आणि शाळेचा पहिला तास रोज बुडतो. बोअरची गाडी एकाच बोअरपुरती मिळाली होती, संध्याकाळी ती पुढच्या गावाला जाणार होती. जागा चुकली तर मुलींचे हंडे काही सुटत नव्हते. मी भूजल सर्वेक्षणात आयुष्य काढलेलं, म्हणून मला शहापूरहून बोलावलं होतं.

काम तसं सोपं असतं. चार सळया जमिनीत ठोकून करंट सोडायचा. कातळ कोरडा असला तर मीटरचा आकडा चढतो, ओली फट असली तर उतरतो. सळयांमधलं अंतर वाढवत नेलं की मीटर खोलवरचं सांगतो. जांभळीखाली मी अंतर वाढवत गेलो आणि आकडा चढतच गेला.

मी म्हटलं, शांती मलाही वाटतेय, कारण अख्ख्या आवारात सावली एवढीच आहे. पाळकसाहेब दुखावले. तुमच्यात विश्वास कमी, म्हणाले. मीही चिडलो. मन कपटी असतं हे पवित्र शास्त्र सांगतं, आणि त्यावर तुम्हीच गेल्या महिन्यात तासभर उपदेश केलात, असं त्यांना सुनावलं. वसतिगृह सांभाळणाऱ्या सुमनबाई हसू दाबत म्हणाल्या, “मलापण लय शांती वाटते तिथं. दुपारी डोळाच लागतो.”

मग मी स्वयंपाकघरामागे सळया ठोकल्या. आकडा धाडकन खाली आला. मला भलताच आनंद झाला. खरं सांगायचं तर पाणी सापडल्यापेक्षा पाळकसाहेब हरल्याचा जास्त झाला. मी ड्रायव्हरला गाडी लावायलाही सांगितलं.

“सायब,” सुमनबाई म्हणाल्या, “इथं रोज मोरीचं पाणी मुरतं. ओलं नाय लागणार तर काय?”

माझे कान तापले. जांभळीखाली मी खोलवर मोजलं होतं. इथं आकडा मनासारखा आला म्हणून पहिल्या मापावरच थांबलो होतो. आता अंतर वाढवलं, तर खाली ठणठणीत कोरडा कातळ.

 पाळकसाहेबांनी अंगरखा काढून ठेवला आणि ते हातोडा घेऊन सळया ठोकायला आले. भर उन्हात आम्ही सगळं आवार पालथं घातलं. शेवटी फाटकाजवळ, जिथं कुणालाच कधी काही वाटलं नव्हतं, तिथं आकडा खोलवर उतरला. मी दोनदा मोजला. ऊन उतरताना पाणी लागलं. सुमनबाई त्या चिखलात उभ्या राहून रडल्या, आणि मीही डोळे पुसले.

मन देवानंच दिलंय, ते काही फेकून द्यायचं नाही. पण त्यालाही वरचं ओलं लगेच लागतं, तेव्हा थोडं खोलवर मोजून घ्यावं.

रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी साक्ष दिली. “मला पहिल्यापासूनच वाटत होतं, पाणी फाटकाजवळच आहे.”

उठून खरं काय ते सांगावं, असं मला फार फार वाटलं. पण तेही वाटणंच. बसून राहिलो.