चूर्णात काहीच सापडलं नव्हतं

ती केस आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. पण त्या चूर्णवाल्याइतका संताप मला कोणाचाच आला नाही.

मुलुंडमधल्या एका पोलीस ठाण्यात मी वरिष्ठ निरीक्षक होतो. एका सकाळी एक तरुण फिर्याद घेऊन आला. त्याचा मोठा भाऊ रुग्णालयात बेशुद्ध होता. रक्तातली साखर एकदम तळाला गेली होती, आणि तपासणीत रक्तात मधुमेहाच्या गोळीतलं औषध सापडलं होतं. भावाला मधुमेह होता खरा, पण गोळ्यांचं त्याला वावडं. तो भांडुपच्या एका दुकानातलं आयुर्वेदिक चूर्ण घ्यायचा. नेमक्या त्याच औषधाच्या गोळ्या घरात त्याच्या आईला चालू होत्या, आणि त्या द्यायचं काम सुनेकडे होतं.

"साहेब, वहिनीनेच जेवणात घातल्या. दुसरं कोण घालणार?" तो म्हणाला.

वहिनीला जबाबासाठी बोलावलं. बँकेत नोकरी करणारी, मूळची कोकणातली बाई. येताना चूर्णाचा डबा स्वतःच घेऊन आली आणि माझ्या टेबलावर ठेवला. "मी काही घातलेलं नाही. आधी हे बघा ना साहेब." गुन्हा करणारा माणूस वस्तू लपवतो, ही आणून देत होती. ते माझ्या मनात राहिलं.

आम्ही भांडुपला गेलो. दुकानदाराने देवाच्या तसबिरीशेजारची फ्रेम काढून पुढ्यात ठेवली. एका खासगी प्रयोगशाळेचा रिपोर्ट होता: 'अ‍ॅलोपॅथिक औषधाचा अंश आढळला नाही.' मी चौकशी केली. प्रयोगशाळा खरी, सही खरी, रिपोर्टही खरा. झालं, सगळी बोटं पुन्हा त्या बाईकडे वळली. सासूने तिच्या हातचं पाणी घ्यायचं सोडलं. सोसायटीतल्या बायका तिला बघून दार लावून घेऊ लागल्या. दीर रोज ठाण्यात येऊन विचारायचा, "अटक कधी?" वरूनही फोन आला, रिपोर्ट क्लीन आहे, बाईला उचला. नवरा शुद्धीवर नाही आणि ही तुरुंगाच्या दारात उभी!

मी वेळ काढत राहिलो. अशात घाटकोपरच्या एका डॉक्टरांचा ठाण्यात फोन आला. आमच्या केसबद्दल त्यांनी रुग्णालयात ऐकलं होतं. "माझ्याकडे एक म्हातारे गृहस्थ आलेत. साखर तशीच उतरलेली. एकटे राहतात, घरात एकही गोळी नाही. चूर्ण मात्र तुमच्या भांडुपवाल्याचंच."

आता मी थांबलो नाही. घरच्या डब्यात तिनेच काही मिसळलं असं कोणी म्हणू नये म्हणून पंचांसमक्ष दुकानातलंच चूर्ण सील केलं आणि त्या रिपोर्टच्या प्रतीसह सरकारी प्रयोगशाळेत नेलं. तिथल्या शास्त्रज्ञ बाईंनी रिपोर्ट वाचला आणि चिडून टेबलावर टाकला.

"हे मशीन म्हणजे रेणूंचा वजनकाटा, साहेब. पण रेणूवर विद्युतभार चढवल्याशिवाय, म्हणजे त्याचा आयन केल्याशिवाय तो काट्यावर येतच नाही. आयन करायच्या पद्धती वेगळ्या असतात. यांनी वापरलेल्या पद्धतीत आधी तापवून वाफ करतात आणि मग तिच्यावर इलेक्ट्रॉनचा मारा करतात. हे औषध तापवतानाच मोडतं. मग दिसणार काय, कपाळ? मी याचं द्रावण करून बारीक सुईतून विजेच्या दाबाखाली फवारणार. त्यात रेणू अख्खा राहतो."

दुकानदाराला चौकशीला बोलावलं. स्वारी निवांत होती. मी एवढंच म्हटलं, चूर्णाची पुन्हा तपासणी होणार आहे.

"करा ना. पण जीसीच करा हां साहेब. एलसी कशाला? उगाच खर्च. जीसीचा काय तो खर्च मी देतो."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. जीसी म्हणजे तापवायची पद्धत, एलसी म्हणजे फवाऱ्याची. मलाही ते दोन दिवसांपूर्वीच कळलेलं. हळद-मेथीच्या गप्पा मारणाऱ्या या माणसाला ते तोंडपाठ होतं! ज्याच्या मनात पाप नाही त्याला कुठल्या मशीनवर तपासता याच्याशी काय देणंघेणं? मी खासगी प्रयोगशाळेच्या केमिस्टला गाठलं. त्याने जबाबात सांगितलं, या इसमाने कुठल्या टेस्टमध्ये गोळीचं औषध दिसत नाही हे आधी विचारलं आणि मग तीच टेस्ट मागितली. सांगणाऱ्यालाही लाज वाटली नाही.

सरकारी रिपोर्टमध्ये औषध सापडलं. झडतीत दुकानामागच्या खोलीत गोळ्यांची पोती आणि त्या दळायची चक्की मिळाली. चूर्णवाला आणि केमिस्ट दोघेही आत गेले.

त्या दिवसापासून 'आढळले नाही' असा शेरा वाचला की मी विचारायचो, शोधलं कसं होतं? ज्या पद्धतीने वस्तू दिसूच शकत नाही तिने शोधायचं आणि वर शिक्का मारायचा, याला मी तपासणी म्हणत नाही. फसवणूक म्हणतो.

बातमी द्यायला मी रुग्णालयात गेलो. नवरा शुद्धीवर आला होता, पण शब्द अडखळत होते. ती त्याला पेज भरवत होती. दीर दाराशी उभा होता. खाली मान घालून म्हणाला, "सॉरी वहिनी. तेव्हा रिपोर्टच तसा होता ना."

तिने चमचा वाटीत ठेवला. "भाऊजी, तुमचं लग्न होईपर्यंत तुमचा डबा रोज मीच भरायचे. तो खाताना कधी रिपोर्ट मागितलात?"