करडाच्या स्वेटरला कुत्रीचा वास

हात रिकामे राहिले की मला चैन पडत नाही. नवरा जहाजावर, वर्षातला बराचसा काळ समुद्रात. कट्टा गावापासून थोडं आत असलेल्या आमच्या घरात मी, माझी मोठी जाऊ, तिच्या शेळ्या, कोंबड्या आणि एक म्हैस. जावेला मी वयनी म्हणते. गोठ्याच्या कारभारात ती कुणाला हात लावू देत नाही. म्हशीला पाणी दाखवायला गेले तरी मागून ओरडते, ‘‘गो, तू रव! ती तुका ओळखणा नाय.’’ माझ्या लग्नानंतर या घरात तीन म्हशी होऊन गेल्या, एकीनेही मला ओळखलं नाही.

म्हणून मी विणते. कोकणात लोकर विणणाऱ्या बाईला लोक काय समजतात ते मला ठाऊक आहे. वयनी तर सरळच म्हणते, ‘‘आंबोलीक रवाक जा, थंय थंडीत तरी कोण घालीत.’’ त्यात माझं विणणं म्हणजे चार बोटं विणायचं, मनासारखं झालं नाही म्हणून उसवायचं, नवा रंग आणायचा आणि पहिलं तसंच पिशवीत कोंबायचं. नवऱ्याचा स्वेटर एका बाहीवर थांबलेला. भाचीच्या बाळासाठी टोपी विणायला घेतली होती, ते बाळ आता शाळेत जातं. माझ्या हातून काही म्हणजे काही पुरं होत नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो.

एकच गोष्ट पुरी होण्याच्या बेतात होती. माझं मन रमावं म्हणून नवऱ्याने मुंबईहून कॉकर स्पॅनियल जातीचं पिल्लू आणलं होतं. सोनेरी, लांब कानांचं. ती कुत्री मोठी झाली तशी दिसायला इतकी देखणी निघाली की जनावरांचे डॉक्टर म्हणाले, हिला शोमध्ये उतरवा. झालं, मला नाद लागला. रोज सकाळी तिला ओट्यावर उभं करायचं, चारी पाय नीट मांडायचे, हनुवटी वर, शेपटी सरळ. मग केस विंचरायचे, कान पुसायचे. घाटावरच्या शहरांतून गाडी घालून हिंडले. रिंगणाबाहेर नंबराची वाट बघत बसले की तिथंही सुया चालूच. चॅम्पियन म्हणवून घ्यायला आता तिला शेवटचं एक प्रमाणपत्र हवं होतं. वय झालं होतं. या थंडीतला शो हुकला की पुढच्या वर्षी ती म्हाताऱ्या कुत्र्यांच्या गटात जाणार होती. मला ते प्रमाणपत्र हवं होतं. इतकं हवं होतं की झोपेतसुद्धा मी तिची हनुवटी वर करत असेन.

शो तोंडावर आला आणि वयनीची सगळ्यात लाडकी शेळी वीत असतानाच मेली. करडू तेवढं वाचलं. ते बोकड होतं, मूठभर, ओलं, थरथरणारं. वयनी ओट्याच्या कडेला बसून राहिली. मेलेल्या शेळीवर तिने गोणपाट घातलं. तिला असं बसलेलं मी फारसं पाहिलेलं नाही, त्यामुळे मीच इकडून तिकडे फेऱ्या मारायला लागले.

आमच्याकडे पोरकं करडू दुसऱ्या व्यालेल्या शेळीला लावायची एक रीत आहे. त्या शेळीचं दूध काढून करडाच्या अंगाला चोळायचं, वर थोडं मीठ. शेळी चाटत बसते, चाटता चाटता स्वतःचाच वास तिला लागतो आणि ती त्याला आपलं म्हणते. वयनीने ते सगळं केलं. इकडे मला काय सुचलं, तर करडाला थंडी वाजतेय म्हणून मी हातात होती ती लोकर घेऊन बसले आणि त्याच दुपारी त्याच्या मापाचा बिनबाह्यांचा स्वेटर विणून पुरा केला. पुरा केला! कौतुकाने त्याच्या अंगात घातला आणि त्याला शेळीपुढे उभं केलं.

शेळीने हुंगलं आणि शिंगावर घेतलं. पुन्हा लावलं, पुन्हा ढुशी. तिसऱ्यांदा तर ती दावं तोडायला निघाली. वयनीने करडाला उचललं, स्वेटर नाकाशी धरला आणि माझ्याकडे असं बघितलं की मला जमिनीत जावंसं वाटलं.

‘‘ह्या लोकरीक तुझ्या कुत्रीचो वास मारता. शेळी तेका जवळ कशी करतली?’’

खरंच होतं. कुत्री दिवसभर माझ्या लोकरीच्या पिशवीवर झोपायची. धाग्याधाग्यात तिचे केस गेलेले. करायला गेले गणपती, झाला मारुती. स्वेटर काढला, करडू धुतलं, नव्याने दूध-मीठ चोळलं, पण त्या शेळीच्या डोक्यात एकदा कुत्रं बसलं ते बसलंच. मग बाटली. वरच्या दुधाने करडाला हगवण लागली आणि ते मान टाकायला लागलं.

आणि तेव्हा कुत्री आली. तिला ते दिवस खोट्या गाभणपणाचे होते. काही कुत्र्यांना पिल्लं नसताना दूध येतं, तसं तिला आलेलं. डॉक्टरांनी आटवायला औषध दिलं होतं, कारण अंगावर दूध असलेल्या कुत्रीला रिंगणात कोण विचारतो? तिने करडाला हुंगलं, चाटून चाटून कोरडं केलं आणि शेजारी कुशीवर पडली. करडाने शोधलं आणि धरलं. मला आनंद झाला असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण मी आधी शोला किती दिवस उरलेत ते बोटांवर मोजलं.

डॉक्टर म्हणाले, पाजत राहिली तर वाचेल करडू. पण कुत्रीचे केस झडतील, पोट ओघळेल. शो विसरा. पुढचे दोन दिवस माझं अन्नावरून मन उडालं. विहिरीपर्यंत जायचे, परत यायचे. पाजू द्यावं वाटायचं, लगेच वाटायचं, का म्हणून? शेवटी वयनीला म्हटलं, ‘‘वयनी, बोकडच ना तो? आषाढात जायचाच आहे.’’

आमच्या घरचा नियमच तो. शेळ्या राहतात, बोकड जातात. बोकडाला माया लावायची नाही, हे तिनेच मला शिकवलेलं.

ती गवत टाकत होती. थांबली. ‘‘जातलो तेवा जातलो. आज कित्याक?’’ मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘मी तुझ्याकडे कधी काय मागूक नाय. कुत्री हयच रवांदे.’’

खरंच कधी मागितलं नव्हतं. मी फोन करून नाव काढून घेतलं.

शोचा दिवस कसा काढला ते माझं मला ठाऊक. विणायला बसले, उसवलं. अंगण झाडलं, झाडलेलंच पुन्हा झाडलं. संध्याकाळी फोनवर फोटो आला. मागच्या वेळी जिला आम्ही हरवलं होतं, तीच कुत्री चषकाशेजारी उभी. मी फोन उशीखाली ठेवला आणि कुत्रीवर खेकसले, करडावर खेकसले, वयनीशी दोन दिवस धड बोलले नाही. ती मात्र माझ्या ताटात कुळथाची पिठी वाढत राहिली.

करडू जगलं. गवत खायला लागलं तरी कुत्रीच्या मागे मागे फिरायचं, ती झोपली की तिच्या पाठीवर उडी मारायचं. कुत्रीचे केस गेले ते पूर्वीसारखे आलेच नाहीत. तरी सकाळी तिला ओट्यावर उभं करायची माझी सवय काही सुटेना. बोकडही शेजारी येऊन उभा राहायचा आणि हलला की मी त्याचीही हनुवटी वर करून पाय नीट करायचे. उगाच, हाताला चाळा म्हणून.

आषाढ संपत आला. श्रावण लागायच्या आधी बांद्याचा बोकडवाला येतो, तसा तो आला. वयनीने आदल्या दिवशीच त्याला निरोप धाडला होता. मला तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सकाळपासून मी घरात एका जागी टेकले नव्हते. आत गेले, बाहेर आले, पडवीच्या खांबाला धरून उभी राहिले. माझी सगळी हौस ज्याच्यापायी गेली तो आता दोरीला बांधून टेम्पोत चढणार होता.

बोकडवाल्याने बोकडाच्या पाठीवरून हात फिरवला. मांड्या चाचपल्या. हनुवटीला हात घालून दात बघायला गेला.

आणि बोकड उभा राहिला. चारी पाय जमिनीत रोवल्यासारखे, मान वर, पाठ सरळ, नजर समोर. तोंडात बोटं गेली तरी हललासुद्धा नाही. माझी कुत्री तिच्या सगळ्यात चांगल्या दिवसातही इतकी छान उभी राहिली नव्हती.

‘‘असो बोकड मी अजून बघूक नाय,’’ बोकडवाला म्हणाला. ‘‘साहेबासारखो उभो रवता!’’

वयनीने तोंडाला पदर लावला. मला वाटलं हसतेय. मग तिने पुढे होऊन त्याच्या हातातली दोरी घेतली.

‘‘ह्यो नाय विकूचो,’’ ती म्हणाली. ‘‘ह्यो कुत्रीचो झील.’’ कुत्रीचा मुलगा!

‘‘माझी येरझार फुकट घालवलात तुमी!’’

‘‘चाय घे आणि जा.’’

ती दोरी घेऊन माझ्यासमोरून गोठ्याकडे गेली आणि मी खांबाला धरूनच रडायला लागले. बोकड वाचला म्हणून रडले, असंच सगळ्यांना सांगते. पण थोडं त्या प्रमाणपत्रासाठीही रडले.