फक्त माझंच बोट

अमावास्येला नवं काम सुरू करू नये म्हणणाऱ्यांशी मी आयुष्यभर वाद घातलाय. जे मोजता येतं ते खरं, बाकी सगळं मनाचे खेळ, हे माझं ठाम मत. या कॉलममधले अनुभव मी आवडीने वाचतो, पण स्वतःचा लिहायला इतकी वर्षं धजावलो नाही... भीतीमुळे नाही, लाजेमुळे.

नव्वदच्या दशकाची अखेर. शारजात अल मजाजला आमचा फ्लॅट होता — मी, बायको वसुधा आणि मुलगी सई. माझी कंपनी फुजैराच्या एका तेल टर्मिनलला कंट्रोल सिस्टिम पुरवत होती. जहाजांत तेल भरणारे पंप आणि व्हॉल्व टच पॅनेलवरून चालणार होते. ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोकर्नल प्रकारची. म्हणजे गाभा अगदी छोटा, आणि कीबोर्ड, माउस, टच पॅनेल या प्रत्येकाचा ड्रायव्हर हा वेगळा, सुटा प्रोग्रॅम. एखादा बंद करून पुन्हा सुरू केला तरी बाकीचं चालूच राहतं. दोष नेमका कुठे आहे ते सापडतं, म्हणून मला ती फार आवडायची. कंपनीत ती सिस्टिम येणारा मी एकटाच. अट अशी होती की हँडओव्हरच्या टेस्टमध्ये प्रत्येक बटण आमच्या इंजिनिअरने स्वतः दाबून दाखवायचं. ते जमलं नाही तर ऑर्डर रद्द, आणि मग माझा व्हिसाही रिन्यू होणार नाही, असं मॅनेजरने हसत हसत सांगून ठेवलं होतं.

सेटिंगसाठी पॅनेल घरी आणलं, डायनिंग टेबलवर आडवं ठेवलं. पोर्ट बरोबर, स्पीड बरोबर, ड्रायव्हर सुरू. कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे बोटाची जागा पडद्याशी जुळवायला, कोपऱ्यात अधिकचं चिन्ह आलं. मी बोट ठेवलं. काही नाही. जोरात दाबलं. तरी नाही. ड्रायव्हर बंद करून सुरू केला, केबल बदलली...

"आधी जेवून घ्या, मग भांडा त्याच्याशी," म्हणत वसुधाने पॅनेल सरकवायला हात लावला — आणि चिन्ह टुणकन पुढच्या कोपऱ्यात!

सईने दाबलं, चाललं. मी दाबलं, नाही.

"पपा, इट्स इग्नोअरिंग यू!" सई खिदळली.

हे पॅनेल दाबावर चालणारं. आतले दोन पातळ थर एकमेकांना टेकले की झालं. वर बोट आहे, हातमोजा आहे की पेन्सिल, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ड्रायव्हरकडे येणारे कच्चे आकडे मी स्क्रीनवर लावले. वसुधाने वरणाची वाटी पॅनेलवर ठेवली — आकडे आले. तीच वाटी मी उचलून पुन्हा ठेवली — आकडे बंद. तिने वाटीला नुसतं बोट लावलं की परत सुरू.

"अहो, पुरे. मला नाही आवडत हे," म्हणून ती वाटी घेऊन आत गेली.

ऑफिसातल्या दुसऱ्या पॅनेलवर माझं बोट व्यवस्थित चालत होतं. पण ते दुसऱ्या ऑर्डरचं, आकारही वेगळा. मॅनेजरला काय सांगणार?  साइटवर चालेल अशी आशा धरून बसलो.

फुजैराच्या कंट्रोल रूममध्ये दोघे होते. सुपरिंटेंडंट युसुफसाहेब, सुदानी, वयस्क आणि शांत. आणि मालवणकडचा ऑपरेटर परब. परबने दाबून बघितलं, लगेच चाललं. मग युसुफसाहेब म्हणाले, "यल्ला, इंजिनिअर. युअर टर्न."

मी दाबलं. पुन्हा दाबलं. एसी असूनही शर्ट पाठीला चिकटला.

"साहेबानू, रुसला की काय तां तुमच्यार?" परब हसला. मग माझा चेहरा बघून हसायचा थांबला.

युसुफसाहेब पुढे आले. खुर्ची ओढून शेजारी बसले. "हबीबी, गिव्ह मी युअर हँड." त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझंच बोट पॅनेलवर टेकवलं... पंप सुरू!

सगळी टेस्ट तशीच झाली. पंप, व्हॉल्व, इमर्जन्सी स्टॉप. चाळिशी उलटलेला इंजिनिअर मी, आणि पोराला अक्षर गिरवायला शिकवावं तसा माझा हात धरलेला. परब पाठ फिरवून खिडकीतून जहाजं बघत राहिला. माझ्याकडे बघायला लागू नये म्हणून — ते कळत होतं, आणि तेच जास्त लागलं.

"फिंगर वॉज इंजिनिअर्स, नो? खलास," म्हणत युसुफसाहेबांनी टेस्ट पास केली.

निघताना मी विचारलं, एकदा एकट्याने बघू का? ते परबला घेऊन बाहेर गेले, दार लावून घेतलं. मी एकेक करून सगळी बटणं दाबली. एकही चाललं नाही. 

ते पॅनेल पुढे कितीतरी वर्षं विनातक्रार चाललं म्हणे. मेंटेनन्सला मी दर वेळी दुसऱ्या कुणाला तरी शिकवून पाठवलं. घाम, स्थिर वीज, दाब... सुचलं ते सगळं तपासलं, जाणकारांना "एका मित्राचा प्रॉब्लेम" म्हणून विचारलं. कारण मिळालेलं नाही.

त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा वसुधाने दारातच विचारलं होतं, "चाललं का हो शेवटी तुमच्या हाताने?"

"चाललं," म्हटलं मी.

ती हा कॉलम दर आठवड्याला वाचते.