मित्रकीटकांची ड्यूटी

ताडकळसजवळच्या आमच्या पॉलिहाऊसमधून जरबेरा कमी आणि किस्सेच जास्त निघाले. फूल चार दिवसांत मान टाकतं, किस्से साठत राहतात. बरेचसे रडके आहेत, तरी ऐका.

*

पानांचा रस शोषणारी मावा ही हिरवी कीड खायला आम्ही ढालकिडे, म्हणजे ते ठिपक्यांचे लाल किडे, सोडायचो. औषध मारायचं नाही, हा नियम. शोभाताई मजुरीला आली ती त्याच नियमामुळे. तिचा नवरा कापूस फवारून घरी आला, आडवा झाला, तो पुन्हा उठलाच नाही. पहिल्याच दिवशी तिने मालकांना बजावलं, "ज्या दिशी फवारा माराल, त्या दिशी मी चालले."

*

ढालकिड्याचं पिल्लू दिसायला भयंकर. काळं, काटेरी. दोन नव्या बायकांनी सकाळभर ही पिल्लं वेचून चिरडली आणि मी मुकादम म्हणून शाबासकी मागायला माझ्याकडे आल्या. मावा मात्र तसाच ठेवला होता. का, तर "ते बिचारं हिरवं हाय, कुनाला काय करायलंय?"

मी डोक्याला हात लावला!

*

मालकांचे व्याही वालूरहून पॉलिहाऊस बघायला आले. मित्रकीटक म्हणजे काय, ते मी समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, मावा संपल्यावर या किड्यांचं काय? उपाशी मरतात, मी म्हणालो.

"म्हंजे मजुरावानीच की."

मी हसलो. शोभाताई हसली नाही.

*

मग शेजाऱ्याने कापूस फवारला आणि वारा नेमका आमच्याकडे फिरला. जाळीतून औषध आत आलं, ढालकिडे पटापट गळाले. मावा थोडा मेला आणि आठवडाभरात पुन्हा दुप्पट झाला. शेजाऱ्याला बोलायला गेलो, तर म्हणाला, माझं औषध तुम्हाला फुकट मिळालं, उपकार माना. लय वाईट वाटलं त्या दिवशी.

*

पानं चिकट झाली, फुलं वाकडी यायला लागली. व्यापाऱ्याने माल परत पाठवला. शेवटी मालकांनी चुडाव्याहून फवारणीवाला बोलावला. भर दुपारी तो पाठीवर पंप चढवून दारात उभा राहिला. शोभाताई आता जाणार, हे आम्हा सगळ्यांनाच कळलं होतं.

तिने आपल्या डब्यातली भाकरी आणि पिठलं फडक्यात काढलं. रिकामा डबा घेऊन आत गेली. उरलेसुरले ढालकिडे वेचून त्यात भरले, वर सैल झाकण ठेवलं आणि बाहेर आली. जाता जाता ती मालकांना चार शब्द सुनावेल, असं मला वाटलं. मालकही खाली मान घालून उभे होते.

ती फवारणीवाल्यापुढे थांबली आणि भाकरीचं फडकं त्याच्या हातात दिलं.

"आधी खाऊन घे बाबा," ती म्हणाली. "आमचे उपाशीच गेलते फवारायला."