अण्णा मान्यांचं स्टिअरिंग

अण्णा माने कुणाच्याही गाडीत बसण्याआधी तिचं स्टिअरिंग हलवून बघायचे. गाडी बंद, चावी मालकाच्या खिशात, आणि हे खिडकीतून हात घालून चाक इकडे-तिकडे डोलावताहेत. माझी-त्यांची पहिली भेट अशीच झाली. २०१२ साल. हॅमिल्टनमधल्या आमच्या कारखान्याच्या पार्किंगमध्ये मी काच खाली करून पुण्याला आईशी फोनवर बोलत होते. निळ्या ओव्हरऑलमधला एक ठेंगणा, रुंद मनगटांचा माणूस जवळ आला, नमस्कार-चमत्कार काही नाही, सरळ आत हात घालून चाक दोनदा हलवलं आणि म्हणाला, “दोन बोटं खेळ हाय. डाव्या बाजूचा टाय रॉड बघून घ्या मॅडम. आज घरला हळू जावा.”

मला संताप आला. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्यानं गाडी वर उचलली तर डाव्या बाजूचा टाय रॉड, म्हणजे चाकाला वळवणारा दांडा, खरोखरच सैल झालेला. तरी राग काही गेला नाही. पुढची पाच वर्षं आमचं असंच चाललं. ते बरोबर निघायचे आणि मी आणखी चिडायचे.

आमच्या कारखान्यात दुधाच्या स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनत. मी ड्रॉइंग ऑफिसात, अण्णा वेल्डिंगला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षं काढून, पन्नाशीला टेकल्यावर ते इकडे आले होते. इथल्या लोकांना ‘अण्णा’ म्हणता यायचं नाही. ते ‘ॲना’ म्हणत, जे इकडे बाईचं नाव. एकदा यादीतलं नाव वाचून कुणीतरी त्यांच्यासाठी बायकांच्या मापाचे सेफ्टी बूट मागवले. अण्णांनी ते हातात फिरवून पाहिले, टाके तपासले आणि परत देताना मला म्हणाले, “बूट झ्याक हाईत. पाय तेवढा धाकटा पायजे.”

रोटोटुना या उपनगरात त्यांचं घर होतं. सगळी घरं एका रंगाची, सगळ्यांचं गवत एका उंचीचं, आणि त्यात अण्णांचं गॅरेज. आत एक ऐंशी वर्षं जुनी, दोन दारांची कूपे गाडी. गाडी कसली, नुसता पत्र्याचा सांगाडा. तोही ‘ते-अवामुटू’ नावाच्या गावाजवळच्या एका शेतकऱ्याच्या शेडमधून आणलेला. त्याच्या कोंबड्या त्यात राहायच्या. मालनकाकू, अण्णांच्या पत्नी, सांगायच्या, “गाडी घरात आली तवा मागं दोन अंडी निघाली. तेवढाच काय तो उपयोग झाला बघ तिचा आजवर.”

अण्णांना तिची हॉट रॉड करायची होती. म्हणजे अंग जुनं ठेवायचं, त्यात दणकट इंजिन बसवायचं आणि बाकी सगळं आपल्या हातानं बनवायचं. इथे हा शौक पुष्कळांना आहे. रविवारी असल्या गाड्या रांगेनं गुरगुरत जाताना अण्णांनी पाहिल्या आणि त्यांच्या मनानं घेतलं. इंजिन बसलं, चॅसी झाली, ब्रेक झाले. मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी आले. “मॅडम, तुमी ड्रॉइंग काडता. माझ्या गाडीचं स्टेरिंग तेवढं काडून द्या की.”

मला वाटलं, चार शनिवार जातील.

मी रीतसर मापं घेतली. अपघातात मोडलेल्या एका जपानी गाडीचा रॅक त्यांनी आणून ठेवला होता. चाक फिरवलं की जो दातेरी दांडा डावी-उजवीकडे सरकतो आणि पुढची चाकं वळवतो, तो रॅक. मूळ गाडीत तो ॲक्सलच्या मागे होता. आमच्या गाडीत मागे इंजिनाचा तळ आडवा येत होता, म्हणून मी तो पुढे घेतला. कंप्युटरवर सगळं छान बसलं. अण्णांनी ब्रॅकेट कापल्या, वेल्ड केल्या, रॅक चढवला. पाचव्या शनिवारी ते सीटच्या जागी ठेवलेल्या लाकडी पेटीवर बसले आणि चाक डावीकडे फिरवलं.

पुढची चाकं उजवीकडे वळली.

अण्णांनी चाक उजवीकडे फिरवलं. चाकं डावीकडे गेली. मागचा रॅक पुढे आणला की दिशा उलटते, हे इंजिनिअरिंगच्या पोरांनाही कळतं. मला अठरा वर्षांच्या अनुभवानंतर कळलं नव्हतं. माझे कान तापले. अण्णा पेटीवरून उतरले, वाकून चाकांकडे बघितलं आणि म्हणाले, “तुमचं ड्रॉइंग बराबर हाय मॅडम. गाडी रिव्हर्समधी चालवायची, म्हंजे झालं.”

बोलले ते एवढंच. कधी कुणापाशी माझी चूक काढली नाही, हेही सांगायला हवं. त्यांनी ग्राइंडर उचलला आणि महिनाभराचं काम अर्ध्या तासात कापून काढलं. माझा जीव तुटत होता. त्यांचा चेहरा मात्र केस कापायला बसलेल्या माणसासारखा निवांत होता.

पुढे रॅक दुसरा आला, पुढे बसणारा. मग स्टिअरिंगपासून रॅकपर्यंत जाणारा दांडा इंजिनाच्या पाइपांना लागू लागला. त्याला वळसा द्यायला सांधे घातले. सांधे घातले तर चाक एका जागी जड आणि पुढच्या क्षणी हलकं लागू लागलं. सांध्यांचे कोन बदलले. मधे आधाराला एक बेअरिंग बसवलं. प्रत्येक वेळी अण्णा पेटीवर बसत, डोळे मिटून चाक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे नेत, आणि मी निकालाची वाट बघत उभी राहत असे.

“न्हाई.”

“अण्णा, अर्ध्या अंशाचा फरक आहे. नियमात बसतंय.”

“तुमच्या कागदावर बसतंय. माझ्या हातात बसंना.”

की ग्राइंडर सुरू.

तो दांडा त्यांनी पाच वेळा बनवला. खड्ड्यातून चाक वर-खाली होताना गाडी आपोआप वळू नये, म्हणून जॅक लावून चाक सूत-सूत उचलायचं आणि मोजायचं, हे आम्ही एक पूर्ण हिवाळा केलं. पाऊस, गारठा, सिमेंटच्या थंडगार जमिनीवर पुठ्ठा टाकून आम्ही दोघं आडवे. माझा नवरा विचारायचा, “आज काय कापलं?” मुलगी मी निघाले की म्हणायची, “आई, इज इट स्टिल नॉट डन?” मी दोनदा जायचं सोडलं. दोन्ही वेळा तीन-चार आठवड्यांनी अण्णा ऑफिसात यायचे, खिशातून एखादा लोखंडाचा तुकडा काढून टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, “ह्येचं काय करू?” मी चिडत उत्तर द्यायचे, आणि शनिवारी पुन्हा त्या पुठ्ठ्यावर असायचे.

एकदा मी जवळजवळ ओरडलेच. “अण्णा, तुम्हाला ही गाडी चालवायचीच नाहीये!”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “मॅडम, इंजिन बंद पडलं तर माणूस चालत घरला जातंय. स्टेरिंग गेलं तर त्याला उचलून न्यावं लागतंय.”

मला वाटायचं, यांच्या हातून पूर्वी काही घडलं असणार. उद्यमनगरात त्यांनी वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या, जीपगाड्या लांब करून दिल्या होत्या; एखादीचा अपघात, कुणाचा जीव. एकदा अण्णा बाहेर गेलेले पाहून मी मालनकाकूंना हळूच विचारलं. काकू मोठ्यांदा हसल्या. “कसला अपघात आन् कसलं काय! त्यो जल्माचाच तसला. लग्नात पाटावर बसायच्या आधी पाट हलवून बघितलावता. भटजी बघतच ऱ्हायलं.”

त्यावर मी आणखी चिडले. काही कारण असतं, तर मला माफ तरी करता आलं असतं.

२०१६च्या नोव्हेंबरात एकदाचं ते चाक अण्णांच्या हाताला पटलं. इथे घरी बनवलेली गाडी रस्त्यावर आणायची तर सरकारमान्य तपासनीस येऊन एकेक भाग बघतो. आमचा तपासनीस ग्रॅहम, साठीचा, हातावर ग्रीस मुरलेला, अबोल माणूस. शनिवारी सकाळी तो आला, दोन तास गाडीखाली होता. स्टिअरिंग त्यानं तीनदा तपासलं. उठून हात पुसत म्हणाला, “स्वीट ॲज, एकदम झकास. इतकं स्वच्छ काम मी हल्ली पाहिलेलं नाही.” आणि कागद बॉनेटवर ठेवून पेन काढलं.

मालनकाकू दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. मी मनात म्हणत होते, सुटले.

“वेट,” अण्णा म्हणाले.

ग्रॅहमनं वर पाहिलं.

रॅकच्या उजव्या ब्रॅकेटचा खालचा एक वेल्ड आपल्याला पसंत नाही, असं अण्णा मोडक्या इंग्रजीत सांगू लागले. तो मारला त्या दिवशी खांदा धरला होता, हात मधेच थांबला होता. वरून घासून साफ केलाय. आत धातू नीट मिळालाय की नाही, ठाऊक नाही.

ग्रॅहमनं पुन्हा गाडीखाली जाऊन टॉर्च मारला. “मेट, मला तर हा ठीक दिसतोय.”

“दिसायला ठीकच आहे,” अण्णा म्हणाले. “आतलं मला माहीत नाही.”

ग्रॅहमनं पेनाला टोपण लावलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला. “आता तू सांगितलंस, तर मला सही करता येणार नाही. नवीन करून कळव.” त्याच्याकडे गाड्यांची रांग होती, पुढची तारीख मार्चअखेरची मिळाली. म्हणजे इथला डिसेंबर-जानेवारीचा उन्हाळा गेला.

तो गेल्यावर मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. हट्टी म्हणाले, विक्षिप्त म्हणाले. चार वर्षांचे माझे शनिवार काढले. अण्णा ऐकत होते आणि ऐकता ऐकता ब्रॅकेटचे नट सोडवत होते. त्यांनी तो वेल्ड आडवा कापला, कापलेली बाजू पॉलिश पेपरनं आरशासारखी घासली, त्यावर ॲसिडचा बोळा फिरवला. असं केलं की धातू आतपर्यंत मिळालाय का, ते रेषेसारखं दिसतं. मग तो तुकडा उजेडात धरून त्यांनी मला दाखवला.

वेल्ड अगदी मुळापर्यंत गेलेला होता. कुठे भोक नाही, फट नाही. पुस्तकात चित्र छापावं असा.

“म्हणजे चांगलाच होता!” मी म्हणाले.

“व्हता की.” अण्णांचा चेहरा खुलला होता. “आता म्हाईत झालं.”

“अहो, पण त्यानं पास केलं होतं!”

“त्येनं केलं व्हतं. म्या कुठं केलं व्हतं?”

मी चहा न घेता निघाले.

त्यानंतर मी शनिवारी गेले नाही. कारखान्यात बोलायचो, पण कामापुरतं. फेब्रुवारीत एकदा ते नवी ब्रॅकेट घेऊन माझ्या टेबलाशी आले. “बघताय काय?” मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, “नंतर बघते, अण्णा.” ते जरा वेळ उभे राहिले, मग “बरं, बरं” म्हणत गेले. ती त्यांनी एकट्यानंच बसवली.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत अण्णा बाकावर बसल्या बसल्या कलले. डबा मांडीवर होता. ॲम्ब्युलन्स सात मिनिटांत आली, पण काही उपयोग झाला नाही. हृदय थांबलं होतं. सत्तावन्न वर्षांचे होते.

ठरलेल्या दिवशी ग्रॅहम आला. तारीख रद्द करावी असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. बातमी ऐकून तो दारातच थबकला, टोपी काढली. “परत जाऊ का?” काकू म्हणाल्या, “नको, बघा.” मी त्याला इंग्रजीत सांगितलं. तो गाडीखाली गेला. मीही गेले, त्याच पुठ्ठ्यावर. नवी ब्रॅकेट मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. वेल्ड त्यांनी या वेळी घासला नव्हता. एकावर एक सरकलेल्या नाण्यांसारख्या त्याच्या लहरी तशाच ठेवल्या होत्या. ग्रॅहमनं त्यावरून अंगठा फिरवला आणि बाहेर येऊन सही केली.

नंबरप्लेट लागायला मे उजाडला. काकूंना गाडी चालवता येत नव्हती. म्हणाल्या, “तूच काढ बाहेर. मी बसते शेजारी.” डोक्याला स्कार्फ बांधून, पर्स मांडीवर घेऊन त्या बसल्या. रोटोटुनाची घरं संपली, दोन्ही बाजूंना गुरं चरायची पॅडक सुरू झाली, रस्ता सरळ आणि मोकळा. मी हातांची पकड सैल केली. गाडी रेषभरही इकडे-तिकडे गेली नाही. पुढे वळण आलं; मी चाक किंचित कलवलं आणि गाडी वळली, सहज, जणू तिला आधीच ठाऊक होतं. खड्डा आला, चाक हातात हललंही नाही. एवढ्या वर्षांत असली गाडी माझ्या हाताखाली आली नव्हती.

मला इतका राग आला की समोरचं दिसेना. एक सही. अण्णा तोंड मिटून तीन मिनिटं उभे राहिले असते, तर पूर्ण उन्हाळा हा माणूस या रस्त्यावर असता. वेल्ड चांगला होता, अण्णा. चांगला होता. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायला मी एक हात चाकावरून काढला.

“रडतीस काय?” काकू समोर बघत म्हणाल्या. “रस्त्याकडं बघ.”