मारामारीतलं वादन

फुकटचं नेट हातात आलं त्या वर्षी आमच्या बेंजोवाल्याला परदेशातला एक रॉक बँड सापडला. लग्नांत वाजवणाऱ्या रानशेतच्या आमच्या बेंजो पार्टीत मी ड्रम बडवायचो आणि तो बेंजो वाजवायचा. त्या बँडची तऱ्हाच वेगळी. ठरवून काही वाजवायचेच नाहीत. एकच गाणं दर कार्यक्रमात नवं, कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास, आणि मध्येच दुसऱ्या गाण्यात घुसलेलं. ऐकायला आलेल्या लोकांनी केलेली ती रेकॉर्डिंगं तो मला चिकूच्या झाडाखाली बसून दुपारभर ऐकवायचा. माझं डोकं फिरायचं. "ह्यांना गाणं संपवता येत नाय काय?" म्हटलं की टपली बसायची. "गप ऐक. संपवणं सोपंय."

मग एक रेकॉर्डिंग आलं आणि मी गारद झालो. गाण्याच्या ऐन मध्यावर समोरच्या गर्दीत मारामारी होते. बाटल्या फुटतात, एक बाई किंचाळते, आणि बँड थांबत नाही. गिटार त्या किंकाळीला धरून वर चढतं, ड्रमवाला चवताळून बडवतो, आणि हळूहळू सगळं निवतं, गर्दीसुद्धा. आम्ही ते इतक्यांदा ऐकलं की ती किंकाळी मला पाठ झाली. मला ती आवडायची, त्यात लाजायचं काय?

आमच्या धंद्यातही नियम आहे, दोन गाण्यांत खंड पडू द्यायचा नाही. ताडी प्यायलेली माणसं नाचत असतात तोवर ठीक. वाजायचं थांबलं की कुणी कुणाच्या पायावर पाय दिला ते आठवायला लागतं. त्यामुळे हे परदेशी लोक आम्हाला घरचेच वाटले.

पुढच्या उन्हाळ्यात उधव्याला लग्न होतं. नवरदेवाकडची माणसं हद्दीपलीकडची, गुजरातची. त्यांना गरबा हवा, नवरीकडच्यांना तारप्याच्या, म्हणजे आमच्या वारली पुंगीच्या, नाचाची चाल. भर दुपारी मांडवात दोन्ही बाजू तापलेल्या. बेंजोवाल्याने माझ्याकडे बघून डोळा मारला आणि गरब्यातून अलगद तारप्यात शिरला, तारप्यातून परत गरब्यात. काय वाजवलं त्याने! तसं मी पुन्हा ऐकलेलं नाही. पण नाचणाऱ्यांना त्याचं काय? प्रत्येक वळणावर एका बाजूला वाटायचं, आपलं गाणं मुद्दाम तोडलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

"चालू राख!" तिकडचा एक ओरडला. "बंद कर, नायतर हात तोडीन!" इकडचा. नवरीच्या चुलत्याने पहिली कानफटात दिली आणि मग मांडवाचे बांबू उपटले गेले. डोकं फुटलेला एकजण गरम वरणाच्या टोपात कोसळला. मी काठ्या खाली ठेवणार तोच बेंजोवाला ओरडला, "वाजव रे! खंड पाडू नको!"

मी वाजवलं, दातओठ खाऊन. पण इथे काही निवेना. माणसं माझ्या ठेक्यावर मारत होती. ठेका चढला की बांबू भराभर पडायचे. त्या परदेशी कार्यक्रमात गर्दी कशाने शांत झाली, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? पोलीस आले असतील, कुणी मेलंही असेल. रेकॉर्डिंगमध्ये काही दिसत नाही.

एक बांबू सरळ बेंजोवर आला, बेंजोवाल्याचा डावा हात बटणांवर असताना.

तलासरीच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं. हाडं जुळली, पण बोटं वळेनात. बेंजोची बटणं डाव्या हाताने दाबायची असतात. ती बोटं गेली म्हणजे बेंजो गेला, आणि त्याला दुसरं काहीही येत नव्हतं.

प्लास्टर निघाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. त्या लग्नातलं आमचं वाजवणं कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. ते त्याने मागून आणलं होतं आणि मी टेकतो न टेकतो तोच लावलं. बेंजो अर्ध्या सुरात तुटतो. ड्रम एकटाच बराच वेळ बडवत राहतो, कारण मध्ये माणसांची झोंबाझोंबी होती आणि मला तो पडलेला दिसलाच नव्हता. मला ऐकवेना. मी उठायला लागलो तर त्याने उजव्या हाताने माझं मनगट धरलं.

"बस. इथनं पुढे ऐक," तो म्हणाला. चेहरा अगदी खुललेला. "काय वाजवलंयस तू! मी मध्ये असतो तर बिघडवलं असतं."

त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला. त्याने ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.