गाडीखालची सावली

दुष्काळ सरून पुढचा उन्हाळा लागला होता. सांगलीहून हळदीची पोती भरून मी साताऱ्याला निघालो होतो. क्लीनर तापाने फणफणून घरी पडलेला, त्यामुळे सगळं मलाच बघायचं होतं. शेजारी माझे वडील बसले होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. फौजेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. साताऱ्याच्या दवाखान्यात डोळा दाखवायचा म्हणून ते सोबत आले होते. माझ्या खेपा एकीमागून एक चालल्या होत्या, धड झोप अशी नव्हतीच.

कराड मागे पडलं आणि मागचं चाक बसलं. ट्रकची मागची चाकं जोडीने असतात, त्यातलं नेमकं आतलं. म्हणजे आधी बाहेरचं काढणं आलं. माझं डोकं तिथंच फिरलं. गाडी डांबरावरून बाजूला मातीत घेतली, पुढच्या चाकांना दगड लावले, चाकं जमिनीवर असतानाच नट सैल केले. जमीन भुसभुशीत वाटली म्हणून जॅकखाली लाकडी ठोकळा दिला. आबांना पलीकडच्या लिंबाखाली जाऊन बसायला सांगितलं. ते "व्हय" म्हणाले.

गाडी उचलून दोन्ही चाकं काढली आणि स्टेपनी आणायला दुसऱ्या बाजूला गेलो. ढकलत घेऊन येतो तर गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. लिंबापर्यंत ऊन तुडवायचा कंटाळा आला म्हणून आबा तिथंच आडवे झाले होते.

"आवं आबा, भायेर या. गाडी जॅकवर हाय."

"हाय तर हाय. फौजेत आमी गाडीखालीच झोपायचो."

"ती गाडी चाकावर असायची!"

"लय शाना झालास," म्हणून त्यांनी कूस बदलली.

एक बैलगाडी थांबली होती. त्यातले दोघं-तिघं उतरून बघत उभे होते, ते हसले. मी स्टेपनी टाकली, आबांचे दोन्ही पाय धरले आणि त्यांना फरफटत बाहेर ओढलं. ठोकळा खचतोय हे मला दिसलं होतं, असं काही नाही. मी दमलो होतो आणि माझं कुणी ऐकत नव्हतं, एवढंच.

आबा उठले. सदरा वर गेलेला, पाठ खरचटलेली, डोकं उघडं. हसणाऱ्यांनी नजर वळवली. आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "फेटा आत ऱ्हायला," आणि परत वाकायला लागले. मी त्यांचा दंड धरून ठेवला. सोड-सोडत नाही असं चाललेलं असताना ठोकळा कडाडून फुटला, जॅक उडाला आणि भरली गाडी खाली बसली. मगाशी आबांची छाती होती तिथं.

सगळीकडे धूळ उडाली. त्यात आबांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी चाचपडत माझे हात धरले आणि एकेक बोट दाबून पाहिलं.

"तुला लागलं न्हाई न्हवं रं?"

चारचौघांत मी ज्याला पायाला धरून ओढलं होतं, तो माझी बोटं तपासत होता. मी तिथंच मातीत बसलो आणि हमसून रडलो. बैलगाडीवाल्यांनी कुठून तरी दुसरा ठोकळा आणून दिला, तरी मला उठवेना.